तिकिटाचं चित्र नको, छपाई बघा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या महिन्यात जुन्या टपाल तिकिटांच्या अल्बमवर लेख आला होता. घरातले जुने अल्बम रद्दीत घालू नका, त्यात एखादं दुर्मीळ तिकीट निघू शकतं, असं लेखकाने कळकळीने लिहिलं होतं आणि दुर्मीळ तिकिटांची रंगीत चित्रंही दिली होती. आपल्या अल्बममधलं तिकीट त्या चित्रांशी ताडून बघा, हा त्यांचा सल्ला. नेमक्या त्याच सल्ल्यासाठी हे पत्र लिहायला बसलो आहे. चित्राशी ताडून पाहिलं तर बनावट तिकीट हमखास पास होतं, कारण बनावट करणाऱ्यानेही तेच चित्र समोर ठेवून काम केलेलं असतं.

मी चौतीस वर्षं छापखान्यात काढली. आधी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवले, मग ट्रेडल हे पायाने चालवायचं छपाई यंत्र चालवलं, शेवटची वर्षं ऑफसेटवर होतो. छापलेला कागद हातात आला की मजकुराआधी मला शाई दिसते, ही सवय अजून गेलेली नाही. तिकिटं जमवायची ती माझी थोरली बहीण. मी फक्त तिच्या शेजारी बसून बघायचो. ताई दोन वर्षांपूर्वी गेली. आपला लेख वाचून तिची मुलगी तिचे तीन अल्बम आणि लेखाचं कात्रण घेऊन माझ्याकडे आली.

पहिल्याच अल्बममध्ये भाचीने खूण घालून ठेवली होती. निळं, त्रिकोणी, चार पेनीचं, दक्षिण आफ्रिकेतल्या केप ऑफ गुड होप या ब्रिटिश वसाहतीचं तिकीट. ताईचा फार जीव होता त्याच्यावर. पानावर एकट्यालाच जागा दिली होती आणि खाली तिच्या सुबक अक्षरात ‘१८५३’ असं लिहिलं होतं. भाची म्हणाली, “मामा, चित्राशी तंतोतंत जुळतंय.”

जुळत होतंच. आशेची प्रतीक असलेली ती बसलेली स्त्री, तिच्याजवळचा जहाजाचा नांगर, कडेची अक्षरं, सगळं जागच्या जागी होतं. मी खिडकीपाशी गेलो, तिकीट चिमट्यात आडवं धरलं, उजेड बाजूने पडेल असं केलं आणि दहापटीचं भिंग लावलं. निळी शाई कागदावर सपाट पसरलेली होती, भिंतीवर चुना मारावा तशी. तिला कुठेही उंची नव्हती. त्याच क्षणी मला कळलं, पण भाचीला लगेच सांगवेना.

उंची का हवी, ते सांगतो. १८५३ची ती त्रिकोणी तिकिटं लंडनच्या पर्किन्स बेकन या छापखान्याने कोरीव प्लेटवरून छापली. या पद्धतीत चित्राच्या रेघा धातूत खोल कोरलेल्या असतात. शाई त्या खाचांमध्ये भरतात, प्लेटचा वरचा भाग पुसून लख्ख करतात आणि जबर दाबाखाली कागद त्या खाचांमधली शाई ओढून घेतो. त्यामुळे प्रत्येक रेघ कागदावर किंचित उभी राहते. तिरप्या उजेडात तिची बारीकशी सावली पडते आणि रेघेच्या कडा धारदार दिसतात. ताईच्या तिकिटाच्या मागच्या नक्षीतल्या बारीक रेघा मात्र जागोजाग एकमेकींत मिसळल्या होत्या. ती लिथोची छपाई होती. दगडावरून वा सपाट प्लेटवरून छापलेल्या शाईला उंची येत नाही, ती कागदावर नुसती टेकलेली असते.

मग वॉटरमार्क, म्हणजे कागद बनतानाच त्यात उमटवलेली खूण, पाहिला. काळ्या बशीत तिकीट उपडं ठेवलं आणि वर बेंझिनचे दोन थेंब सोडले. (खिडकी उघडी ठेवून आणि आसपास कुठेही ज्योत नाही याची खात्री करूनच. ग्रॅव्ह्यूअरने, म्हणजे बारीक ठिपक्यांएवढ्या खड्ड्यांतून शाई उतरवणाऱ्या छपाईने, छापलेल्या तिकिटांना तर बेंझिन लावूच नये, काही शाया त्यात उतरतात.) खऱ्या तिकिटाच्या कागदात नांगराची खूण असते, ती ओलाव्यात गडद होऊन वर येते. इथे काहीच आलं नाही. थेंब उडून गेले आणि कागद होता तसा कोरा.

भाची हुशार आहे. ती म्हणाली, “पण मामा, १८६१ साली केप टाउनमध्येच काही त्रिकोणी तिकिटं छापली होती ना? त्यांना नांगर नव्हता.” तिचं बरोबर होतं आणि तिने ते विचारलं याचा मला आनंद झाला. लंडनहून माल वेळेवर पोहोचला नाही म्हणून तेव्हा स्थानिक छपाई केली होती. संग्राहक त्यांना ‘वुडब्लॉक’ म्हणतात. म्हणजे वॉटरमार्क नाही एवढ्यावरून तिकीट खोटं ठरत नाही. पण ती छपाई उठावाच्या ठशांवरून केलेली, आमच्या खिळ्यांच्या छपाईच्या जातीची. तिच्यात दाबामुळे शाई रेघेच्या कडांकडे सरकते आणि कडेला गडद किनार दिसते. शिवाय कागद लेड जातीचा, उजेडासमोर धरला तर समांतर रेघा दिसणारा. ताईच्या तिकिटाला ती किनारही नव्हती आणि त्या रेघाही. ते लंडनचंही नव्हतं आणि केप टाउनचंही नव्हतं.

एवढ्या तपशिलात शिरलो, कारण कुठल्याही एका खुणेवर विसंबून चालत नाही. छपाईची पद्धत, कागद, वॉटरमार्क, कडेचे दाते, मागचा डिंक, टपालाचा शिक्का, या सगळ्यांनी एकाच काळाची साक्ष द्यायला हवी. त्यातलं एकही गैरमेळाचं बोललं की थांबायचं आणि पुन्हा पाहायचं.

त्यातही छपाई सगळ्यांत आधी, असं मी म्हणतो त्यामागे मोठं कारण आहे. ज्याँ द स्पेराती या माणसाचं नाव तिकीटसंग्राहकांमध्ये सर्वांना माहीत असतं. हा मूळचा इटलीचा, फ्रान्समध्ये राहून काम करणारा. त्या काळातलं अस्सल पण स्वस्त तिकीट तो घ्यायचा, त्याची शाई रसायनाने उडवायचा आणि त्याच कागदावर दुर्मीळ तिकीट छापायचा. कागद खरा, वॉटरमार्क खरा, दाते खरे, पुष्कळदा शिक्कासुद्धा खरा. खोटी असायची ती फक्त छपाई. १९४२ साली फ्रेंच कस्टम्सने पोर्तुगालला जाणारं त्याचं एक पाकीट पकडलं आणि मौल्यवान तिकिटं चोरून बाहेर पाठवल्याचा आरोप ठेवला. तो सांगत राहिला की ही मी स्वतः केलेली नक्कल आहे, तरी तज्ज्ञांनी ती अस्सल ठरवली. पुढे बनावटीबद्दल त्याला शिक्षा झाली आणि १९५४च्या सुमारास ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशनने, म्हणजे तिथल्या तिकीटसंग्राहकांच्या संघटनेने, त्याचा उरलेला साठा आणि साहित्य विकत घेतलं, ते आणखी पसरू नये म्हणून. अशा तिकिटाची दातेपट्टी (दाते मोजायची पट्टी) लावून किंवा बेंझिन टाकून परीक्षा घेतली तर ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणार. त्याला पकडायचं तर शाई कागदावर कशी बसली आहे, हेच बघावं लागतं.

दुसरं उदाहरण याच्या उलट टोकाचं. १८७२ साली लंडनच्या स्टॉक एक्स्चेंजच्या तारघरात एक शिलिंगची हिरवी तिकिटं तारेच्या फॉर्मांवर चिकटवली गेली. त्यांतली पुष्कळशी खोटी होती. ही संग्राहकांना नव्हे, थेट टपाल खात्याला फसवण्यासाठी केलेली. गैरव्यवहार त्या वेळी कोणाच्याच लक्षात आला नाही. १८९८ साली चार्ल्स निसेन या तिकीटविक्रेत्याने ते जुने फॉर्म पाहताना तो पकडला. कागदाला वॉटरमार्क नव्हता आणि कोपऱ्यांतल्या अक्षरांच्या काही जोड्या खऱ्या शीटवर येऊच शकत नव्हत्या.

ही अक्षरांची भानगड समजून घेण्यासारखी आहे. १८४०च्या पेनी ब्लॅकच्या, म्हणजे जगातल्या पहिल्या टपाल तिकिटाच्या, शीटवर २४० तिकिटं असत, आडव्या २० ओळी आणि प्रत्येक ओळीत १२. खालच्या डाव्या कोपऱ्यातलं अक्षर ओळ सांगतं, उजव्या कोपऱ्यातलं ओळीतली जागा. म्हणजे डावीकडे ए ते टी आणि उजवीकडे ए ते एल, बस्स. पेनी ब्लॅकच्या उजव्या कोपऱ्यात एम किंवा पी दिसला तर भिंगसुद्धा काढायची गरज नाही. ती अक्षरं बनावट रोखण्यासाठीच घातली होती आणि आज एवढ्या वर्षांनीही ती आपलं काम करतात. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा त्या तिकिटाकडे बघताना ऊर भरून आला होता.

ताईच्या अल्बममध्ये मी आणि भाचीने मिळून तीन आठवडे घालवले. पूर्ण बनावट अशी सात निघाली. चार तिकिटं अस्सल होती, पण त्यांवर कोणीतरी हात फिरवला होता. माझ्या मते ही दुसरी जात जास्त त्रासदायक, कारण अस्सल तिकीट एकदा बिघडवलं की ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

एका तिकिटाच्या तीन बाजूंचे दाते फाटल्यासारखे मऊ होते, तंतू बाहेर आलेले, शीटवरून वेगळं करताना होतात तसे. चौथी बाजू मात्र स्वच्छ कातरल्यासारखी आणि भोकं नको तितकी गोल. शीटच्या सरळ कडेचं तिकीट होतं, त्याला नंतर दाते पाडले होते. सोबतीच्या तिकिटावर ठेवलं तर ते एका बाजूने किंचित अरुंद भरलं. दातेपट्टी दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं बसतात ते सांगते. १८६६ साली लग्रां या फ्रेंच डॉक्टरने ही युक्ती काढली आणि आजही तीच वापरतात. पण आकडा जुळला म्हणजे झालं असं नाही, दात्याचं टोकही भिंगाखाली बघायला हवं.

दुसऱ्या एकाला मागून नवा डिंक लावला होता. कोरं, कधी न चिकटवलेलं तिकीट म्हणून त्याची ऐट. खऱ्या तिकिटाला आधी डिंक लागतो आणि मग भोकं पडतात, त्यामुळे दात्यांच्या टोकांचे तंतू कोरडे आणि मऊ राहतात. याचे दाते बोटाला टोचत होते, तंतूंत डिंक शिरून कडक झाले होते. भाचीने डोळे मिटून बोटानेच ते ओळखलं.

तिसऱ्यावरची जादा छपाई, म्हणजे ओव्हरप्रिंट, खोटी होती. भिंगाखाली ओव्हरप्रिंटची काळी शाई टपालाच्या शिक्क्यावरून गेलेली दिसली. तिकीट आधी वापरलं गेलं आणि त्यानंतर त्यावर ओव्हरप्रिंट छापला, हा क्रम कसा शक्य आहे? १९४८च्या गांधी तिकिटांवर ‘सर्व्हिस’ (सरकारी टपालासाठी) अशी जादा छपाई केलेले संच अगदी मोजके निघाले, म्हणूनच त्या एका शब्दाच्या बनावटी जगभर फिरत असतात. मूळ तिकीट खरं असलं की माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो.

अतिनील, म्हणजे जांभळ्यापलीकडच्या, किरणांच्या दिव्याबद्दलही लिहितो, कारण हल्ली पुष्कळजण तो आणतात. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून चकाकी आणणारी द्रव्यं साधारण १९५०नंतर कागदात आली. अशा दिव्याखाली ती निळसर पांढरी उजळतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं तिकीट असं झगझगीत उजळलं तर संशय घ्यावा. फक्त संशयच. कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात कोणी तिकीट भिजवलं असेल तर अस्सलही उजळतं. आमच्याकडे एक असंच निघालं. बाकी प्रत्येक बाबतीत ते अस्सल होतं. त्याला आम्ही जवळजवळ खोट्यांच्या रांगेत बसवलं होतं, याची मला अजून रुखरुख वाटते.

आता तिकिटांची देवघेव फोनवरच्या फोटोंवर होते. फोटोत शाईची उंची दिसत नाही, दात्याचा कडकपणा कळत नाही, कागद वाजवून पाहता येत नाही. निदान मागच्या बाजूचा फोटो आणि तिरप्या उजेडातला फोटो मागून घ्यावा. देणारा टाळाटाळ करू लागला तर तो नाद सोडावा. तिकीट मोठं असेल तर तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र हवंच. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची अशी समिती १८९४पासून हे काम करते आहे. पण प्रमाणपत्र हातात आलं तरी त्यावरचा फोटो आणि समोरचं तिकीट दात्याला दाता, शिक्क्याला शिक्का लावून बघावं. खऱ्या प्रमाणपत्राला दुसरंच तिकीट जोडून देणारे लोक आहेत.

केपचं ते त्रिकोणी तिकीट ताईने एका विक्रेत्याकडून घेतलं होतं, अस्सल म्हणून. तो आता हयात नाही आणि त्यालाही खरं माहीत होतं की नव्हतं, हे मला सांगता येणार नाही. भाचीने विचारलं, “मग आता हे फाडून टाकू?”

मी तिला जिनिव्हाच्या फ्रान्स्वा फूर्निएची गोष्ट सांगितली. हा गृहस्थ आपल्या नकलांना कलाकृती म्हणायचा आणि उघडपणे विकायचा. १९१७ साली तो वारला. पुढे तिथल्या फिलाटेलिक संघाने त्याचा उरलेला साठा विकत घेतला. नकलांवर ‘खोटे’ अशा अर्थाचा फ्रेंच शब्द किंवा ‘फॅक्सिमिली’ म्हणजे हुबेहूब नक्कल असं छापलं, त्यांचे ४८० अल्बम बांधून अभ्यासकांसाठी काढले आणि बाकीचा माल नष्ट केला. मला हे फार मोलाचं वाटतं. बनावट तिकीट फाडलं की त्याच्याशी ताडून बघण्याचा नमुनाही गेला. तसंच ठेवलं तर आज ना उद्या कोणाच्या तरी हातून ते अस्सल म्हणून पुढे जाणार. खूण करून ठेवणं हाच मार्ग मला प्रामाणिक वाटतो.

म्हणून भाचीने त्या अकराही तिकिटांच्या मागे मऊ पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं. सातांवर ‘बनावट’, तिघांवर ‘दाते नंतरचे’, ‘डिंक नंतरचा’, ‘ओव्हरप्रिंट खोटा’, आणि रंग उडवलेलं एक होतं त्यावर ‘रंग बदललेला’. त्यांच्यासाठी वेगळा अल्बम केला. ताईचं त्रिकोणी तिकीट पहिल्या पानावर आहे. ताईच्या हातचं ‘१८५३’ आम्ही खोडलं नाही, त्याखाली आम्हाला काय दिसलं ते लिहिलं.

आपल्या लेखकांना माझी हात जोडून विनंती आहे की पुढच्या लेखात चित्रांसोबत शाईचेही मोठे केलेले नमुने छापावेत. कोरीव, उठावाची, लिथो आणि ग्रॅव्ह्यूअर, चारही छपायांची एकेक रेघ शेजारी शेजारी. अर्ध्या पानात मावेल. ज्यांच्या घरी आज असा अल्बम उघडला जातो आहे त्यांना त्याचा खरा उपयोग होईल. नमुने तयार करायला लागतील ते कागद माझ्याकडे आहेत, आनंदाने देईन.

आणखी एक. अल्बमच्या मागच्या खिशात ताईची अदलाबदलीची वही मिळाली. तिच्या सवयीप्रमाणे तारीखवार. त्यात एके ठिकाणी लिहिलं आहे: ‘त्रिकोणी निळी दोन आली, एक दिलं’, आणि पुढे तिच्या पत्रमैत्रिणीचा पत्ता. ताईने ते अस्सल समजून, मनापासून दिलं असणार. त्या पत्त्यावर भाचीने पत्र धाडलं आहे, तिकीट तिरप्या उजेडात कसं धरायचं याचं चित्र काढून, आणि बदल्यात आमच्याकडचं एक निर्मळ अस्सल तिकीट देऊ असं कळवून. पत्र टाकून आज सतरा दिवस झाले. भाची रोज संध्याकाळी फोन करून विचारते, मामा, काही आलं का.

आपला नम्र,
एक निवृत्त छापखाना कामगार